गेट्टिमेळमच्या आधीची जागा

कुंभकोणमच्या कल्याण मंडपात पहाटे साडेपाचला पितळी डबरा-टंबलरमधून डिग्री कॉफी येते, आणि ती निवायच्या आत मुहूर्ताची घाई सुरू होते. मुलीचे वडील भाताच्या पोत्यावर बसलेले, मांडीवर नऊवारी नेसलेली मुलगी. समोर व्हिडिओवाल्यांचे दोन प्रखर दिवे, त्यांच्या पुढ्यात ट्रॅडिशनल फोटोग्राफर, त्याच्या मागे हात उंच करून मोबाईल धरलेले चुलते-मावश्या. एक माणूस मात्र या गर्दीत नाही. तो बाजूला, नादस्वरम आणि तविल वाजवणाऱ्यांच्या पलीकडे, खांबाला टेकून उभा आहे. गळ्यात दोन कॅमेरे आहेत, पण तो नवरीकडे बघतच नाही. त्याचं लक्ष आहे वाध्यारांच्या, म्हणजे तिथल्या गुरुजींच्या, उजव्या हाताकडे.

तो हात वर जातो, वाध्यार ‘गेट्टिमेळम! गेट्टिमेळम!’ म्हणून ओरडतात, आणि तविल व नादस्वरम एकदम टिपेला जातात. मंगळसूत्र बांधलं जात असताना एखादी शिंक, एखादा अशुभ शब्द कुणाच्या कानावर पडू नये म्हणून हा गलबला. आपल्याकडे शेवटच्या ‘सावधान’नंतर बँडवाला जे करतो त्याचाच हा थोरला भाऊ. हे सगळं जेमतेम अर्धा मिनिट चालतं. तेवढ्यात नवरा पहिली गाठ मारतो, पुढच्या दोन गाठी त्याची बहीण, म्हणजे नात्तनार, मागून मारते; चहूकडून अक्षता येतात, वडिलांचा चेहरा कसनुसा होतो, आई कुठेतरी कडेला पदर तोंडाला लावते. समोर उभ्या असलेल्यांना यातली नवऱ्याची पाठ मिळते, नाहीतर त्याची कोपरं. बाजूच्या माणसाला एका चौकटीत तीन चेहरे मिळतात: बाप, मुलगी आणि नणंद. तो माणूस तिथे नशिबानं उभा नव्हता. पुढच्या अर्ध्या मिनिटात कोण कुठे वाकणार हे त्याला आधीच माहीत होतं.

याला आज ‘कॅन्डिड फोटोग्राफी’ म्हणतात. या शब्दाचं आपण फार वाटोळं केलं आहे. पोज न देता काढलेला तो कॅन्डिड, अशी सर्वसाधारण समजूत; आणि मग ‘सर, जरा कॅन्डिड पोज द्या, तिकडे बघून हसा’ असंही ऐकू येतं. तमिळनाडूतल्या लग्नांच्या दरपत्रकात तर ‘ट्रॅडिशनल फोटो’ आणि ‘कॅन्डिड फोटो’ असे दोन वेगळे रकाने असतात, दोन वेगळी माणसं येतात आणि दुसऱ्या रकान्याचे पैसे सहसा जास्त असतात. पोज नसणं हा झाला नुसता वरचा रंग. खरी अट बातमीदार-छायाचित्रकाराची आहे: घडत असलेल्या गोष्टीत हात घालायचा नाही, ती पुन्हा करायला लावायची नाही, आणि तरीही ती हुकू द्यायची नाही. पहिल्या दोन अटी पाळणं सोपं आहे. तिसरीसाठी लग्न पाठ असावं लागतं.

हा शब्द आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. जुने कॅमेरे तिपाईवर उभे राहत, काचेच्या प्लेटा मंद असत, आणि माणसानं हलायचं नाही असा दंडक होता. आपल्या पणजोबांच्या फोटोतला तो करारीपणा बराचसा एक्स्पोजरच्या लांबीचा असतो. १९२४ साली जर्मनीत एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा आला. त्याचं भिंग इतकं मोठ्या तोंडाचं होतं की आतल्या साध्या उजेडात, फ्लॅशविना फोटो निघू लागला. बर्लिनचा एरिक सालोमोन हा शिक्षणानं वकील. त्यानं १९२८ मध्ये हा कॅमेरा टोपीत लपवून एका खुनाच्या खटल्याचे फोटो काढले आणि पुढे मोठमोठ्या परिषदांत, मेजवान्यांत शिरून मंत्र्यांना जांभया देताना, कुजबुजताना पकडलं. लंडनच्या ‘ग्राफिक’ साप्ताहिकानं १९२९-३० च्या सुमारास त्याच्या कामाला ‘कॅन्डिड कॅमेरा’ म्हटलं आणि शब्द रुळला. सालोमोन ज्यू होता. १९४४ मध्ये ऑशविट्झला त्याचा अंत झाला. ज्या शब्दाखाली आज हळदीला फुलं उधळली जातात, त्याची सुरुवात अशी कोर्टात आणि राजकारण्यांच्या मेजावर झालेली आहे.

१९२५ मध्ये लायका बाजारात आला, पस्तीस मिलिमीटरची फिल्म हातात खेळू लागली, आणि आँरी कार्तिए-ब्रेसाँनं या फिरत्या कॅमेऱ्याला एक शिस्त दिली. त्याच्या १९५२ च्या पुस्तकाचं इंग्रजी नाव ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाचं आहे आणि तेच जगभर गाजलं. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ मात्र ‘गुपचूप टिपलेली चित्रं’ असा होतो. मला फ्रेंच नाव जास्त प्रामाणिक वाटतं. लग्नाच्या मांडवात ही पद्धत यायला पुढे बरीच वर्षं गेली. अमेरिकेतल्या डेनिस रेजी या छायाचित्रकाराला ‘वेडिंग फोटोजर्नालिझम’ हा प्रकार रूढ करण्याचं श्रेय देतात. २१ सप्टेंबर १९९६ ला जॉर्जिया राज्यातल्या कंबरलँड बेटावर अध्यक्ष केनेडींच्या मुलाचं लग्न झालं. चर्चच्या दारातून बाहेर पडताना नवऱ्यानं बायकोच्या हाताचं चुंबन घेतलं, तो रेजीचा फोटो जगभर छापून आला आणि लग्नात असंही काही टिपता येतं हे सगळ्यांना कळलं. भारतात हे वारं विशेषतः डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर आलं. बंगळुरूच्या महेश शांताराम यांनी ‘मॅट्रिमेनिया’ ही लग्नांची मालिका केली, ती लग्नाकडे पाहुण्यासारखी नव्हे, तिऱ्हाईतासारखी बघते. जोसेफ राधिक यांनी २०१७ मध्ये विराट-अनुष्काच्या लग्नाचे फोटो काढले आणि हा व्यवसाय घराघरात माहीत झाला.

पण आपण पोज देतो ती केवळ कॅमेरा मंद होता म्हणून नाही. चित्रात माणूस आपल्या दर्जाला शोभेल तसा, सगळ्या दागिन्यांसकट, समोर बघत बसला पाहिजे ही समजूत कॅमेऱ्याच्या आधीची आहे, आणि तिचा एक धागा थेट कुंभकोणमलाच जातो. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर तिथे स्थिरावलेल्या देशस्थ घरांपैकी एका घरातला. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य तिथे टिकलं. कावेरीकाठच्या या पट्ट्यात घरात मराठी आणि ओट्यावर तमिळ बोलणारी कुटुंबं आजही आहेत. माधवराव त्रावणकोर आणि इंदूर करून बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्या दिवाणगिरीत, १८८० मध्ये, सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहित्यांशी झालं. त्याच पहिल्या चिमणाबाई. माधवरावांनीच राजा रविवर्म्याला बडोद्याला आणलं, आणि चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात ही कल्पनाही त्यांनीच सुचवली. रविवर्म्याची महाराज-महाराण्यांची तैलचित्रं बघा: एक हात मेजावर, मान किंचित वळलेली, शालूचा काठ पूर्ण दिसेल असा पदर. पुढे कित्येक दशकं गावोगावच्या स्टुडिओंत रंगवलेल्या पडद्यासमोर नवरा-नवरी अशीच उभी राहिली.

कुंभकोणमपासून आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर आहे. तिथल्या महालिंगस्वामींच्या देवळात हातात दिवा धरलेल्या एका स्त्रीची पितळी मूर्ती आहे. ही देवी नाही, मराठी राजघराण्यातली अम्मणी नावाची मुलगी आहे. तंजावरच्या अमरसिंह राजाच्या घराण्यातल्या प्रतापसिंहाशी, म्हणजे तिच्या आतेमामेभावाशी, लग्न व्हावं म्हणून तिनं लक्ष दिव्यांचा नवस केला. लग्न झालं, नवस फेडला, आणि त्यातला एक दिवा म्हणून तिनं स्वतःचीच मूर्ती देवापुढे उभी केली. चौथऱ्यावर तसा तमिळ लेख आहे. एकोणिसाव्या शतकातली ही नवरी कॅमेऱ्याविना आपला लग्नाचा फोटो ठेवून गेली आहे. आणि तो पक्का पोज दिलेला आहे. मला तो अतिशय आवडतो, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर पोजवर मी फार कडक आहे असं वाटायचं.

आता मांडवात परत जाऊ. वर्णन मुख्यतः अय्यर घरांतल्या लग्नाचं करतो, कारण कुंभकोणमच्या अग्रहारांतून तेच जास्त बघायला मिळतं. इथल्या सौराष्ट्री विणकरांची, चेट्टियारांची, मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांची लग्नं वेगळ्या चालीनं चालतात. आडी आणि मार्गळी हे दोन तमिळ महिने, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट आणि मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी, लग्नं होत नाहीत. फोटोग्राफरच्या घरात तेव्हा लेन्स साफ होतात.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जानवासम असतं, नवऱ्याची वरात. पूर्वी उघड्या मोटारीच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर पेट्रोमॅक्स घेतलेली माणसं चालत. दुसऱ्या दिवशी सकाळी काशीयात्रा: नवरा छत्री, काठी, ताडाचा पंखा आणि पोथी घेऊन ‘मी संसारात पडत नाही, काशीला चाललो’ म्हणून निघतो आणि सासरा त्याला आडवा जातो. सगळ्यांना माहीत असलेलं नाटक. त्यामुळे नवऱ्याच्या चेहऱ्यावर फारसं काही मिळत नाही. मिळतं ते त्याच्या मागे खिदळणाऱ्या मित्रांच्या आणि नवी चप्पल चावत असल्यामुळे लंगडणाऱ्या त्याच्या चालीत. मग माला बदलणं. इथे दोन्हीकडचे मामा (तमिळमध्येही मामाच) नवरा-नवरीला उचलून घेतात आणि एकमेकांना हुलकावण्या देतात. पुणेकर मामा अंतरपाटामागे भाचीला घेऊन उभा राहतो तेवढ्यावर भागतं. इथल्या मामाची कंबर पणाला लागलेली असते. हे तीनदा होतं, म्हणून पहिल्या वेळी फोटोग्राफरनं फक्त बघावं, दुसऱ्या वेळी मामांचे चेहरे घ्यावेत आणि तिसऱ्या वेळी नवरीचा, कारण तेव्हा ती लाजणं विसरून खेळायला लागलेली असते.

आणि मग ऊंजल. हा विधी मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि कॅमेऱ्यासाठी सगळ्यात अवघडही हाच. सजवलेल्या झोपाळ्यावर नवरा-नवरी शेजारी बसतात, साखळ्यांना फुलं गुंडाळलेली. सवाष्णी एकेक करून येतात, दूध-केळं भरवतात, पायांना दूध लावतात, रंगीत भाताचे मुटके ओवाळून चार दिशांना टाकतात, आणि बाजूला चार-पाच बायका ऊंजलची गाणी म्हणत असतात, ज्यातल्या एकीला शब्द येतात आणि बाकीच्यांना चाल. झोपाळा हलत राहायला हवा, थांबवायचा नसतो.

आता यातलं यंत्रशास्त्र पाहा. समोर उभं राहून ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं, भोक १.८ वर उघडं ठेवून, तीन मीटरवरून फोटो घेतला तर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम अर्धी वीत खोल असते. झोपाळा पुढे-मागे त्याच्या कितीतरी पट सरकतो. म्हणजे दहातल्या आठ फोटोंत नवरीचा कान स्पष्ट आणि डोळे धूसर. नवखा माणूस इथे फ्लॅश काढतो. जाणता माणूस झोपाळ्याची साखळी बघतो. आठ फूट साखळीच्या झोपाळ्याला एक पूर्ण फेरी करायला साधारण तीन सेकंद लागतात, मग त्यावर कुणीही बसो. लंबकाचा तो नियमच आहे. प्रत्येक फेरीत दोन टोकांना झोपाळा क्षणभर थांबतो. म्हणजे दर दीड सेकंदाला एक थांबा, आणि समोरच्या माणसासाठी दर तीन सेकंदांनी नवरा-नवरी त्याच अंतरावर येऊन थबकणार. फोकस त्या टोकावर लावून ठेवायचा आणि बायकांचं गाणं ऐकत बोट तयार ठेवायचं. गाण्याची लय आणि झोपाळ्याची लय बहुतेक वेळा जुळते, कारण ढकलणारी बाई गाणाऱ्यांपैकीच असते.

झोपाळा मंडपात असेल तर उजेडाची रड असते. जुन्या अग्रहारातल्या घरात असेल तर मात्र चांदी. या घरांना पुढे तिण्णै, म्हणजे ओटा, आणि मध्ये मुट्रम, म्हणजे आपल्या वाड्यातला चौक. वर आकाश उघडं. सकाळी आठ-नऊला ऊन भिंतीच्या वरच्या कडेवर असतं आणि खाली चौकात सावलीचा मऊ उजेड उतरतो, सगळीकडून सारखा, वरून किंचित जास्त. स्टुडिओवाले हजारो रुपयांच्या छत्र्या आणि पांढरे डबे लावून जे करतात ते हा चौक फुकट करतो. चौकाच्या कडेच्या पडवीत माणूस बसवला, तोंड चौकाकडे, की एका बाजूनं उजेड येतो आणि चेहऱ्याला उंची-खोली मिळते. अशा घरात फ्लॅश पेटवणाऱ्याचा मला राग येतो.

फ्लॅशचं एक दुसरंही भांडण आहे, होमाच्या धुराशी. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पुढे जातो, वाटेत धुराचे कण भेटतात आणि तेच उजळून परत येतात; फोटोवर पांढरट पडदा. तोच धूर बाजूच्या खिडकीतल्या उजेडात अंगावर शहारे आणणारा दिसतो. शिवाय कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांची जर समोरच्या फ्लॅशला आरशासारखी उलटते, आणि काठाच्या जागी पांढरा डाग उरतो. नवऱ्याचं पांढरंशुभ्र वेष्टी ही तिसरी अडचण: कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं समजतं, पांढरं भरपूर दिसलं की फोटो काळवंडून टाकतं, आणि सावळे चेहरे अंधारात जातात. मग संगणकावर चेहरे उजळतात, आणि सावळी मुलगी अल्बममध्ये गोरी होऊन येते. हा तांत्रिक दोष आहे की फोटोग्राफरचा, की आपल्या सगळ्यांचाच, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

नव्या एलईडी दिव्यांनी तर एक वेगळंच खूळ आणलं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वेगात चालवलं की मात्र फोटोवर काळे-पिवळे आडवे पट्टे उमटतात. शटर शंभरांश सेकंदावर आणलं तर पट्टे जातात, पण अक्षता? खाली येणारा तांदळाचा दाणा सेकंदाला तीन मीटर वेगानं चालला असेल तर शंभरांश सेकंदात तो तीन सेंटिमीटरची रेघ ओढतो; हजारांश सेकंदात तीन मिलिमीटर. हवेत थिजलेले दाणे हवेत म्हणून लोक हजारांशाच्या मागे लागतात. मला स्वतःला रेघा बऱ्या वाटतात. अक्षता पडत असतात, टांगलेल्या नसतात.

फिल्मच्या काळात यातलं फारसं काही शक्यच नव्हतं. रंगीत फिल्म साधारण ४०० आयएसओची वापरत. २००७ च्या अखेरीस आलेल्या निकॉन डी३ सारख्या कॅमेऱ्यानं ६४०० आयएसओ सहज वापरता येऊ लागला, म्हणजे सोळापट कमी उजेडात तोच फोटो. पहाटेच्या मुहूर्ताचं लग्न फ्लॅशविना टिपता येऊ लागलं ते तेव्हापासून. त्याआधी गावचा फोटोग्राफर यशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा छातीशी धरून यायचा, एका रोलवर बारा फोटो. बारा! एक फुकट गेला तर गिऱ्हाईक बोलणार. अशा माणसानं निर्णायक क्षणाची वाट बघत बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. तो काय करायचा? आजोबा-आजींबरोबर एक, काका-काकूंबरोबर एक, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांबरोबर एक. लग्नाची हजेरी घ्यायचा.

आणि इथे मला ट्रॅडिशनलवाल्याची बाजू घ्यायची आहे, कारण ती कुणी घेत नाही. आमच्या घरात साठच्या दशकातला एक अल्बम आहे, काळ्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात अडकवलेले फोटो. सगळे ताठ उभे. कलेच्या दृष्टीनं त्यात काही नाही. पण दर दिवाळीत तो उघडला जातो आणि ‘ही कोण?’, ‘तो बेळगावचा ना?’ असं तासभर चालतं. त्यातल्या निम्म्या माणसांचा तेवढा एकच फोटो अस्तित्वात आहे. आजच्या कॅन्डिड अल्बममध्ये नवरीच्या मेंदीचे, पापण्यांचे, पैंजणांचे पन्नास फोटो असतात आणि मोठ्या आत्याचा एकही नसतो, कारण ती एका कोपऱ्यात शांत बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर ‘भाव’ नव्हते. मंगळसूत्र बांधताना वाहिलेले अश्रू सगळ्या अल्बममध्ये सारखेच दिसतात; आत्या प्रत्येक घरात वेगळी असते.

याच मातीतलं एक उदाहरण देतो. गणिती श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात वाढला. त्याचं लग्न १४ जुलै १९०९ ला, कुळित्तलैजवळच्या राजेंद्रम गावात झालं. आगगाडीला उशीर होऊन नवऱ्याकडची मंडळी इतकी उशिरा पोहोचली की मुलीचे वडील संतापले होते, असं त्याच्या चरित्रात येतं. काय फोटो मिळाला असता! पण आज आपण रामानुजनला ओळखतो ते पासपोर्टसाठी काढलेल्या एका ताठ, समोरून घेतलेल्या चित्रावरून. हा फोटो १९३० च्या दशकात त्याच्या पत्नी जानकीअम्मांकडून चंद्रशेखर या खगोलशास्त्रज्ञानं मिळवला, म्हणून उरला. सरकारी कागदासाठी काढलेला फोटो, आणि डोळे बघा, सगळा माणूस त्यात आहे.

तर दोन्ही हवेत. वाईट आहे ते दोघांचं मिश्रण: नवरीला ‘पुन्हा एकदा रडा’ सांगणारा, नात्तनारला गाठ मारताना थांबवून कॅमेऱ्याकडे बघायला लावणारा. एका लग्नात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. वाध्यारांनी मंत्र थांबवले नाहीत, त्यामुळे गाठ आणि मंत्र यांची फारकत झाली आणि म्हातारी मंडळी वर्षभर तेवढंच बोलत होती.

काय काढू नये, यालाही बातमीदारीत नियम आहेत आणि लग्नात ते जास्त लागतात. ऊंजलच्या वेळी सवाष्णी पुढे येतात आणि विधवा बायका दारामागे उभ्या राहतात. हे दृश्य खरं आहे, चांगला छायाचित्रकार ते बघतो, पण त्या बाईची परवानगी न घेता ते अल्बमात टाकणं हा तिचा दुसरा अपमान. कपडे बदलण्याच्या खोलीत, मोठ्या आवाजात चाललेल्या देण्या-घेण्याच्या बोलण्यात, थकून झोपलेल्या आईजवळ कॅमेरा खाली ठेवावा. देवळात लग्न असेल, उदाहरणार्थ जवळच्याच तिरुनागेश्वरमच्या उप्पिलियप्पन मंदिरात, तर कुठपर्यंत कॅमेरा चालतो हे आदल्या दिवशीच कचेरीत विचारून ठेवावं. डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या देवळांत मोबाईलवर बंदी आणायला सांगितलं. तिथे भाविकांच्या हातातही फोन चालत नाही, मग तुमच्या लेन्सचं कौतुक कोण करणार?

आणि मालकी कुणाची, हा प्रश्न लग्नाच्या धामधुमीत कुणी विचारत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या १७ व्या कलमात तो सरळ सोडवला आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्कदार मोबदला देणारा असतो. म्हणजे तुमच्या लग्नाचे फोटो तुमचे. पण ‘वेगळा करार’ बऱ्याचदा आगाऊ रकमेच्या पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेला असतो. तुमच्या मुलीचा चेहरा उद्या कुणाच्या जाहिरातीत दिसावा की नाही, हे त्या पाठीमागच्या ओळीवर ठरतं. ती ओळ वाचा.

लग्न ठरलं असेल, कुंभकोणममध्ये किंवा कोल्हापुरात, तर फोटोग्राफरला ‘नॅचरल पाहिजे’ एवढंच सांगून मोकळे होऊ नका. त्याला विधींची यादी द्या, वेळांसकट, आणि कुठल्या विधीत कोण पुढे येतं ते लिहून द्या. गुरुजींशी दहा मिनिटं बोलू द्या. ज्यांचा फोटो हवाच अशा सहा वडीलधाऱ्यांची नावं द्या आणि ती माणसं त्याला आदल्या संध्याकाळी दाखवून ठेवा. मुहूर्ताच्या त्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांनी आपापले मोबाईल खाली ठेवावेत, आणि नणंदेच्या मागची जागा मोकळी सोडावी. आणि त्याला पहिल्या पंगतीला बसवू नका. पहिल्या पंगतीत केळीच्या पानावर आजी-आजोबा जेवत असतात, कुणी कुणाला आग्रह करत असतं, आणि तिथले फोटो त्याला लागणार असतात. दुसऱ्या पंगतीत मात्र त्याच्या नावाचं पान आठवणीनं मांडा.